वाईचे तर्कतीर्थ आणि आमचा रिस्क स्कोअर

या शनिवारी खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं ठरवलं होतं. पण गेल्या रविवारी वाईला मामांकडे गेलो होतो, तिथे एक प्रश्न अंगावर आला आणि आठवडाभर काही केल्या तो डोक्यातून जाईना. तेव्हा आज तोच.

मामांची थोडी हळद असते. काढणी झाली की हळद शिजवायला दुसऱ्याच्या बॉयलरची पाळी बघत बसावं लागतं. बॉयलरवाला आज येतो म्हणतो आणि चार दिवसांनी उगवतो. म्हणून स्वतःचा एक असावा हे त्यांच्या मनात कधीपासून होतं. यंदा एक सेकंडहँड सापडला. कर्जासाठी मोबाईलवरून अर्ज केला (मामेबहिणीने भरून दिला). सातबारा, आधार, बँकेचं स्टेटमेंट, सगळं चढवलं. मिनिटभरात उत्तर आलं : 'आपला अर्ज सध्या मंजूर करता येत नाही.' बस्स. पुढे एक फुलाचं चित्र आणि 'धन्यवाद'.

मामांनी फोन माझ्यापुढे धरला.

"तू हेच करतोस ना रे पुण्यात? मग सांग बघू, का नाही म्हणाले?"

"मामा, ते माणूस नाही ठरवत. सिस्टीम ठरवते."

"ते कळलं. का ठरवते?"

मी सिबिल स्कोअर, जुने व्यवहार वगैरे काहीतरी बोललो. मामा शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुला पण माहीत नाही." आणि चहा घ्यायला आत गेले.

मंडळी, त्या क्षणी मला जे वाटलं त्याला लाज म्हणतात. कारण मला माहीत नव्हतं हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की हे असं का होतं ते मला चांगलंच माहीत होतं.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीत मी अशाच मॉडेलच्या टीममध्ये होतो (कुठली ते विचारू नका, सांगणार नाही). अर्जदार कर्ज फेडेल की बुडवेल याचा अंदाज करायचा, आकडा काढायचा, ठराविक आकड्याखाली असेल तर नकार. शेकडो फीचर्स होती. त्यातलं एक पिनकोड. तो घातला की अचूकता थोडी वाढायची. एका रिव्ह्यूमध्ये टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीने विचारलं, "सर, हा पिनकोड नेमकं काय मोजतोय?" मी म्हणालो, "जे काही मोजतोय ते उपयोगी पडतंय ना? पुढे चला."

पुढे चला! हे माझे शब्द. आज मामा त्या पुढच्या टोकाला उभे आहेत, निदान कुठल्या तरी माझ्यासारख्याच माणसाच्या 'पुढे चला'च्या टोकाला.

असो. चहा पिऊन मी बाहेर पडलो. वाईला आलेला पुणेकर जे करतो तेच केलं : ढोल्या गणपतीला नमस्कार, कृष्णेच्या घाटावर दहा मिनिटं, मग मेणवली. मेणवलीच्या घाटावर आजही लोक 'स्वदेस'चं शूटिंग कुठे झालं ते शोधत फोटो काढतात. २००४ चा पिक्चर. नासातला इंजिनिअर गावात येतो आणि वीज तयार करतो. आपल्या पिढीतल्या किती जणांनी तो बघून दोन दिवस नोकरी सोडायचं मनात घोळवलं असेल, कोण जाणे. पण त्याच वाईत एक असा माणूस होऊन गेला की ज्याच्या कामाची आज इंजिनिअर लोकांना त्या नासावाल्यापेक्षा जास्त गरज आहे. त्याच्या घरासमोर मात्र कोणी सेल्फी काढत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी.

नाव ऐकलं असेल. शाळेत 'मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक' एवढं एका मार्काला पाठ केलं असेल. मीही तेवढंच केलं होतं.

थोडक्यात सांगतो. जन्म १९०१, पिंपळनेर, धुळे जिल्हा. लहान वयात वाईच्या प्राज्ञपाठशाळेत आले. तिथे नारायणशास्त्री मराठे (पुढचे केवलानंद सरस्वती) शिकवत. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबाही १९१७ च्या सुमारास याच पाठशाळेत शिकायला येऊन राहिले होते. लक्ष्मणशास्त्र्यांनी न्यायशास्त्र घेतलं आणि १९२३ साली कलकत्त्याची 'तर्कतीर्थ' पदवी मिळवली. म्हणजे शिक्षणाने हा माणूस तत्त्वज्ञ, त्यातही तर्कशास्त्राचा. असा माणूस आयुष्यभर पाठशाळेत सूत्रं घोकवत बसला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. यांनी काय केलं? कायदेभंगात तुरुंगात गेले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी अस्पृश्यतेच्या प्रश्नावर शास्त्री-पंडितांशी वाद घालत होते तेव्हा, १९३२-३३ मध्ये, अस्पृश्यता शास्त्राच्या आधाराने टिकत नाही असं सांगणाऱ्या शास्त्र्यांपैकी हे एक. 'धर्मकोश' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ संपादित करायला घेतला, आणि त्याची सुरुवात कशाने केली? व्यवहारकांडाने. म्हणजे कोर्टाने, खटल्याने, पुराव्याने. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले. भारताच्या संविधानाच्या संस्कृत भाषांतराच्या कामात ते होते. 'वैदिक संस्कृतीचा विकास' या पुस्तकाला १९५५ साली साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार मिळाला. १९६० नंतर विश्वकोश, आणि तोही मुंबई-पुण्यात नाही, वाईत बसून. १९९४ साली गेले. त्यांच्यानंतर विश्वकोशाची खुर्ची सांभाळली मे. पुं. रेगे यांनी. तेही तत्त्वज्ञच.

तर्क, कायदा, माणसाचे हक्क. हल्ली परदेशात अशा करिअरला 'एआय एथिक्स एक्स्पर्ट' म्हणतात, कॉन्फरन्सला बोलावतात, आणि आपण लिंक्डइनवर त्यांची वाक्यं शेअर करतो. तर्कतीर्थांनी कॉम्प्युटरच्या नीतीवर काही लिहिलं असा माझा दावा अजिबात नाही. माझा दावा वेगळा आहे. आपल्या धंद्यात 'नीती' या नावाखाली जे चाललंय ते बोगस आहे, आणि ते का बोगस आहे हे कळायला या माणसाने हाताळलेल्या तीन गोष्टी पुरतात.

पहिली गोष्ट न्यायशास्त्रातली. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे सगळ्यांना माहीत आहे. आता उलटं करा : 'जिथे अग्नी तिथे धूर'. बरोबर वाटतं ना? चुलीत दिसतं, होळीत दिसतं, शेकोटीत दिसतं. हजार उदाहरणं गोळा करा, नऊशे नव्वद वेळा बरोबर निघेल. आपल्या भाषेत सांगायचं तर अॅक्युरसी नव्व्याण्णव टक्के, डिप्लॉय करा! नैयायिक म्हणतो, थांबा. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा बघा. अग्नी आहे, धूर नाही. मग धूर कशामुळे येत होता? ओल्या लाकडामुळे. ही जी मधली लपलेली अट आहे ना, ओलं लाकूड, तिला ते 'उपाधी' म्हणतात. उपाधी सापडली की तुमचं अनुमान पडलं. मग तुमच्याकडे उदाहरणं हजार असोत की एक कोटी.

आता पिनकोड घ्या. 'या पिनकोडचे लोक कर्ज बुडवतात.' ओलं लाकूड कुठे आहे? तिथे बँकेची शाखा लांब असेल. तिथल्या लोकांचं उत्पन्न महिन्याला न येता वर्षातून एकदा, पीक निघाल्यावर येत असेल, आणि आमचा हप्ता मात्र दर पाच तारखेला. तिथे विशिष्ट जातीची, धर्माची वस्ती असेल आणि पूर्वी त्यांना कोणी धड कर्जच दिलं नसेल. पिनकोड हा धूर नाही आणि अग्नीही नाही. त्या ज्युनिअर मुलीने मला विचारलेला प्रश्न हा उपाधीचा प्रश्न होता. तिने न्यायशास्त्र वाचलं नव्हतं. मीही नव्हतं. पण ती बरोबर जागी थांबली होती आणि मी तिला ढकललं.

दुसरी गोष्ट व्यवहारकांडातली. 'व्यवहार' म्हणजे तिथे खटला. जुने स्मृतिकार खटल्याचे चार पाय सांगतात : वादीचं म्हणणं, प्रतिवादीचं उत्तर, पुरावा आणि मग निर्णय. यातला एक पाय नसेल तर तो खटला लंगडा. निर्णय झाला की जिंकणाऱ्याला 'जयपत्र' मिळायचं. त्यात नुसतं 'अमुक जिंकला' एवढंच नसे. दावा काय होता, उत्तर काय होतं, पुरावा काय दिला, त्यावरून काय ठरलं, हे सगळं लिहायचं. म्हणजे उद्या कोणी विचारलं तर दाखवता यावं. नुसत्या शास्त्रवचनावर, युक्तिवादाशिवाय निर्णय दिला तर धर्माचीच हानी होते, अशा अर्थाचं मत बृहस्पतीच्या नावावर सांगितलं जातं.

मामांच्या खटल्याला किती पाय होते? मोजा. त्यांचं म्हणणं घेतलं, तेही आमच्या चौकटींमध्ये बसेल तेवढंच. त्यांच्या विरुद्ध काय पुरावा आहे हे त्यांना सांगितलं नाही, त्यामुळे उत्तर द्यायची पाळीच आली नाही. निर्णय आला, जयपत्र नाही. चारपैकी सव्वा पाय. आणि याला आम्ही 'सीमलेस एक्स्पीरियन्स' म्हणतो.

इथे एक गट लगेच उड्या मारायला लागेल, मला माहीत आहे. 'बघा, आपल्याकडे सगळं होतंच! पाश्चात्त्यांना आत्ता कळतंय!' त्यांना हात जोडून विनंती की खाली बसा. ज्या स्मृतींमध्ये खटल्याचे चार पाय आहेत त्याच स्मृतींमध्ये एकाच गुन्ह्याला वर्ण बघून वेगवेगळी शिक्षाही आहे. साक्षीला कोण चालेल आणि कोण नाही याच्या याद्या आहेत. तेव्हा अभिमानाने छाती फुगवायची असेल तर ते पान उघडून मग फुगवा.

आणि इथेच ती तिसरी गोष्ट येते, जी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे.

धर्मकोश म्हणजे काय? एका विषयावर हजार-दोन हजार वर्षांत वेगवेगळ्या ग्रंथांनी काय काय म्हटलं ते सगळं एका जागी, नीट लावून. चांगलं तेवढंच नाही, सगळं. आपल्या भाषेत हा डेटासेट आहे, आणि फार स्वच्छ, फार मेहनतीने बनवलेला डेटासेट आहे. आता बघा, ज्या माणसाने हा डेटा गोळा केला, त्याला त्यातलं पान न् पान माहीत, त्याने वागताना काय केलं?

१६ जून १९३३. पुणे. गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचं लग्न. मुलगी ब्राह्मण, मुलगा वैश्य. म्हणजे शास्त्राच्या भाषेत 'प्रतिलोम', जे जुन्या ग्रंथांनी वाईटच मानलेलं. तेव्हाचा इंग्रजी कोर्टातला हिंदू कायदाही अशा लग्नांच्या बाबतीत प्रतिकूल होता. वेगवेगळ्या जातींतल्या हिंदूंची लग्नं केवळ त्या कारणाने बेकायदा ठरणार नाहीत असं देशभरासाठी स्पष्ट सांगणारा कायदा आला १९४९ साली. म्हणजे सोळा वर्षांनी. हे १९३३ चं लग्न लावायला पौरोहित्य कोणी केलं? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, वाई.

डेटा काय म्हणत होता? नको. हजार वर्षांचा इतिहास काय म्हणत होता? नको. आमचं एखादं मॉडेल त्या ग्रंथांवर ट्रेन केलं असतं तर त्याने काय उत्तर दिलं असतं? 'आपला अर्ज सध्या मंजूर करता येत नाही. धन्यवाद.' आणि पुढे फुलाचं चित्र.

डेटा ज्याला सगळ्यात जास्त ठाऊक होता तोच म्हणाला की पूर्वी काय होत आलं हे एक, आणि आज काय करावं हे दुसरं. पहिलं जपून ठेवायचं, खाडाखोड न करता. दुसरं मात्र विचार करून, कारण देऊन, आपल्या जबाबदारीवर ठरवायचं. 'हिंदुधर्माची समीक्षा' हे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला हे सांगायचा अधिकार होता, कारण त्याने दोन्ही केलं.

आणि आम्ही? आम्ही म्हणतो 'डेटा बोलतो'. डेटा बोलत नाही हो. आपण बोलतो आणि डेटाच्या तोंडी घालतो, म्हणजे उद्या कोणी जाब विचारला तर आपलं नाव यायला नको.

आता आक्षेपांकडे वळू. ऑफिसात हे बोललो की जे ऐकायला मिळतं तेच लिहितो.

'अरे, आपल्याकडे एथिक्सची गाइडलाइन आहे की.' आहे. माझ्याकडेही आहे. प्रेझेंटेशनची शेवटची स्लाइड, हिरवं पान, दोन हातांचं चित्र, 'फेअर, ट्रान्सपरंट, अकाउंटेबल'. युरोपात काय झालं ते ऐका. युरोपियन कमिशनने एक तज्ज्ञगट नेमला, ५२ जणांचा. त्यात तत्त्वज्ञ अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातले एक जर्मन तत्त्वज्ञ थॉमस मेत्सिंगर. एआयने काय कधीच करू नये याच्या 'लाल रेषा' आखायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यात माणसांना गुण देऊन त्यांची लायकी ठरवणारी व्यवस्था होती, आपोआप जीव घेणारी शस्त्रं होती. २०१९ मध्ये अंतिम मसुदा आला तेव्हा 'लाल रेषा' हे शब्दच गायब झाले होते. मेत्सिंगर यांनी उघडपणे लिहिलं की ही नीतीच्या नावाखाली चाललेली रंगसफेदी आहे. पण गंमत पुढे आहे. २०२४ च्या युरोपीय एआय कायद्यात माणसांना असे सामाजिक गुण देण्यावर बंदी आली. जे स्लाइडवर टिकलं नाही ते कायद्यात आलं. मधे कोणीतरी सभ्यपणा सोडून भांडलं म्हणून आलं.

'पण मॉडेल गुंतागुंतीचं असतं, कारण सांगता येत नाही.' ठीक आहे, मग अशा मॉडेलला माणसाच्या आयुष्याचा निर्णय घेऊ देऊ नका. गाण्यांची यादी सुचवू द्या. डॉक्टरने 'ऑपरेशन करू, का ते सांगता येत नाही' असं म्हटलं तर आपण टेबलावर झोपतो का? आणि खरं सांगायचं तर कारण काढता येतं. काढायला वेळ लागतो, आणि कधी कधी निघालेलं कारण दाखवायची लाज वाटते. गोम तिथे आहे.

'थोड्या लोकांचं नुकसान होतं, पण एकूण फायदा किती!' नेदरलँड्सचं उदाहरण बघा. पाळणाघराच्या अनुदानात फसवणूक कोण करतंय ते शोधायला तिथल्या करखात्याने रिस्कचं गणित लावलं. त्यात अर्जदार डच नागरिक आहे की नाही हाही एक निकष होता. हजारो पालकांवर फसवणुकीचा शिक्का बसला, मोठमोठ्या वसुल्या लागल्या, संसार उद्ध्वस्त झाले. त्यांना का पकडलं हे त्यांना कोणी सांगू शकलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये तिथलं सरकार या प्रकरणावरून पायउतार झालं. सरकार! एका 'फीचर'ला कोणीतरी 'पुढे चला' म्हणालं असणार, माझ्यासारखंच.

'आपल्याकडे कायदा बघून घेईल.' बघू या कायदा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. उत्तम. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डेटा संरक्षणाचा कायदा आला. नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करायचं ठरलं. या कायद्यात एक चांगली गोष्ट आहे : तुमची संमती मागताना ती सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत बघायची सोय हवी. म्हणजे मामांना मराठीत विचारावं लागेल. पण मशीनने नकार दिला तर कारण मागायचा स्पष्ट हक्क? तो या कायद्यात नाही. तुमची माहिती द्या, हे मराठीत. तुम्हाला का नाकारलं, हे कुठल्याच भाषेत नाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेच्या संहितेत कर्ज नाकारण्याची मुख्य कारणं लेखी कळवावीत असं आहे. पण अॅपवर अर्ज करणाऱ्या माणसाला समोर बँक आहे की आणखी कोण, हे तरी नीट कळतं का?

ज्या माणसाने जगातलं ज्ञान मराठीत आणायला वाईत बसून खंडामागून खंड काढले, त्याच्या गावात एका हळदवाल्याला स्वतःबद्दलचं एक वाक्य मराठीत मिळू नये, हे मला सहन होत नाही. विश्वकोश आज नेटवर फुकट आहे. त्यात सगळं सापडेल. मामांना बॉयलर का नाही ते सापडणार नाही. कारण ते आमच्या लॅपटॉपमध्ये आहे.

शेवटचा आक्षेप, आणि हा सगळ्यात प्रामाणिक आहे : 'आपण इंजिनिअर. तत्त्वज्ञान आपलं काम नाही.' हा मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो. पण बघा ना, ते काम आपण करतच असतो. कोणाला कर्ज मिळावं, कोणाचा सीव्ही वर यावा, कोणाचा दावा संशयास्पद ठरावा, हे आपण रोज ठरवतो. फक्त शुक्रवारच्या डेडलाइनच्या आत आणि न विचारता. लक्ष्मणशास्त्र्यांच्या वेळीही बहुतेक शास्त्री हेच म्हणत असणार : आम्ही फक्त ग्रंथात काय आहे ते सांगतो, ठरवणारे आम्ही कोण? हे नम्रतेसारखं दिसतं. पण त्या 'आम्ही कोण'च्या आड किती माणसं विहिरीपासून, देवळापासून लांब राहिली ते आठवा.

कोणी म्हणेल, तू एवढं बोलतोस, तू काय केलंस? बरोबर आहे, विचारायलाच हवं. फार काही नाही केलेलं. सोमवारी टीमच्या डिझाइनच्या कागदात एक कॉलम वाढवला. प्रत्येक फीचरपुढे एक प्रश्न : हे नेमकं काय मोजतंय, आणि याच्यामागे ओलं लाकूड कुठलं असू शकेल? कॉलमचं नाव 'उपाधी' ठेवलं. एकाने विचारलं, "ही कुठली नवी लायब्ररी?" दुसरा बदल असा सुचवला की ज्या नकारासोबत माणसाला कळेल असं दोन ओळींचं कारण जाणार नाही तो नकार सिस्टीमने पाठवूच नये, एखाद्या माणसाकडे द्यावा, आणि त्याला मशीनच्या विरुद्ध जायचा अधिकार असावा. यावर मॅनेजर म्हणाले, "चांगली आयडिया आहे, पुढच्या क्वार्टरमध्ये बघू." म्हणजे काय ते तुम्हालाही कळतं. पुढच्या क्वार्टरमध्ये मी परत मांडणार आहे, आणि त्याच्या पुढच्यातही. इतकी वर्षं 'पुढे चला' म्हणालो, आता थोडं थांबायला सांगून बघतो.

त्या ज्युनिअर मुलीचा नंबर होता माझ्याकडे. मेसेज केला की तू तेव्हा विचारलेला प्रश्न बरोबर होता. तिने लिहिलं, "कुठला प्रश्न, सर?" तिच्या लक्षातही नाही. साहजिक आहे. ज्याचा प्रश्न उडवून लावला जातो तो माणूस हळूहळू प्रश्न विचारायचं विसरतो.

आणि मामा? त्यांच्यासाठी एक पत्र लिहून दिलं, साध्या मराठीत. 'माझा अर्ज अमुक तारखेला नाकारण्यात आला. तो कोणत्या कारणासाठी नाकारला ते लेखी कळवावे.' दोन वाक्यं. कंपनीच्या तक्रार निवारणाच्या पत्त्यावर मेल केला आणि वरून स्पीड पोस्टानेही पाठवलं. मामा पोस्टातून परत येताना म्हणाले, "उत्तर येईल का रे?"

मी म्हणालो, "माहीत नाही, मामा. पण आता विचारल्याची पावती आहे आपल्याकडे."

आज शनिवार. पाच दिवस झाले. अजून काही आलेलं नाही. आलं की इथे लिहीनच. नाही आलं तरी लिहीन. आणि तुमच्यापैकी जे कोणी अशाच कुठल्या तरी स्कोअरवर काम करत असाल, त्यांनी सोमवारी ऑफिसला गेल्यावर फक्त एक फीचर उघडून बघा आणि स्वतःलाच विचारा, हे नेमकं काय मोजतंय? उत्तर आलं नाही तर मला कळवा. एकट्याने लाजण्यापेक्षा बरं.